काचबिंदूवाल्या मॅडम, ट्रस्टचं हॉस्पिटल आणि आमच्या अप्पांचे डोळे : चार वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये, ना हॉस्पिटलचं ना डॉक्टरांचं. मॅडमना विचारलं होतं की तुमच्याबद्दल नेटवर लिहू का, तर म्हणाल्या लिही पण नाव घालू नकोस, मंगळवारची ओपीडी आत्ताच तीनला संपते, मग रात्री आठला संपेल. तर पुण्यातलं एक जुनं ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल, आठवड्यातून दोन दिवस काचबिंदूची (ग्लॉकोमा, बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढून नस सुकत जाते तो आजार) ओपीडी, आणि तिथे बसणाऱ्या, सरकारी मेडिकल कॉलेजातून प्रोफेसर म्हणून रिटायर झालेल्या मॅडम. एवढ्यावरून ज्यांना कळलं त्यांना कळलं.

आमचे अप्पा एसटीत ड्रायव्हर, ३१ वर्षं, वाई डेपो. रात्रीच्या पावसात पसरणीचा घाट उतरवलेला माणूस, त्यामुळे डोळ्यांचा भलता अभिमान. रिटायर होऊन आमच्याकडे पुण्याला आले तेव्हा बोर्डावरची शेवटची ओळ चष्मा लावून घडाघडा वाचायचे. आणि इथेच आम्ही सगळे फसलो. कारण एकीकडे ती ओळ वाचता येतेय आणि दुसरीकडे घरात चहाचा कप टेबलाच्या कडेला अर्धा हवेत ठेवतायत, जिन्याची शेवटची पायरी चुकतेय, डावीकडून आलेला नातू अंगावर आपटला की त्यालाच ओरडतायत की बघून चाल. आम्ही म्हणायचो वय झालं. चष्म्याच्या दुकानात नेलं, नवा नंबर. सहा महिन्यांनी पुन्हा नंबर. दोन वर्षांत तीन चष्मे झाले आणि बाटलीच्या बुडासारख्या काचा वगैरे काही नाही हां, पाव पाव नंबरचे फरक. डोळ्याच्या आत कुणी बघितलंच नाही.

मग एका चकाचक ठिकाणी गेलो, एसी, मशीनवाली कॉफी, टोकन नंबर टीव्हीवर. तिथे डोळ्यावर फुस्सकन हवा मारणारं मशीन असतं ना त्यावर प्रेशर बघितलं, थोडं जास्त आहे म्हणाले, थेंब लिहून दिले दिवसातून दोनदा, सहा मिनिटांत बाहेर. बिल सांगत नाही, अजून राग येतो. आणि पंधरा दिवसांत अप्पांना धाप लागायला लागली. त्यांना जुना दमा आहे, पंप घेतात, पण एवढी धाप कधी नव्हती, दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा थांबायचे. छातीच्या डॉक्टरांनी पंपाचा डोस वाढवला. डोळ्याच्या थेंबाचा आणि छातीचा काही संबंध असेल असं आमच्या डोक्यातही आलं नाही, येणार कसं.

ट्रस्टच्या हॉस्पिटलचं कुणीतरी सांगितलं म्हणून गेलो. सकाळी साडेसातला नंबर लावला, आत जायला अकरा वाजले. खोलीत मॅडम आणि त्यांच्यामागे शिकणारे तीन पोरं-पोरी उभे. अप्पा खुर्चीत बसले, मॅडमनी डोळ्याकडे बघायच्या आधी शर्टाच्या खिशाकडे बघितलं, पंप बाहेर डोकावत होता. "आजोबा, पंप कधीपासून?" मग मला, "थेंब कुठला चालूये, बाटली आणलीये?" बाटली हातात घेतली आणि त्या पोरांकडे वळून म्हणाल्या, यांच्या खिशात काय आहे आणि माझ्या हातात काय आहे, सांगा. तिघं गप्प. टिमोलॉल होतं ते. मॅडमनी अप्पांना समजेल अशा भाषेत पोरांना शिकवलं, किंवा पोरांना शिकवता शिकवता आम्हाला. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही, कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात, आणि हे औषध दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतं, काहींचे ठोके मंद करतं. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, स्वस्त, लाखो लोकांची नजर वाचवलेलं औषध, पण दम्याचा पेशंट असेल तर नाही. "औषध वाईट नाही, प्रश्न न विचारता लिहिलं ते वाईट." थेंब बंद केला. आठवड्याभरात अप्पा न थांबता दुसऱ्या मजल्यावर. माझा फाइव्ह स्टार रिव्ह्यू खरं तर तिथेच झाला होता.

पण पुढचं सांगते, कारण नुसतं 'डॉक्टर छान आहेत, स्वभाव चांगला' असं लिहून कुणाला काय उपयोग.

प्रेशर त्यांनी परत मोजलं, फुस्सवाल्या मशीनवर नाही तर गोल्डमानच्या टोनोमीटरवर. डोळा बधिर करतात, पिवळं रंगद्रव्य लावतात आणि निळ्या उजेडात एक छोटी नळकांडी हळूच बुबुळाला टेकवतात. डॉक्टरला आत दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम चिकटल्या की आकडा वाचायचा. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या हान्स गोल्डमान नावाच्या डॉक्टरने १९५०च्या दशकात केलेली युक्ती, आणि अजूनही जगभर तीच पक्की धरतात. मॅडमची स्वतःची एमएस झाली तेव्हा त्यांच्या वॉर्डात पेशंटला आडवं झोपवून डोळ्यावर वजनवालं लोखंडी यंत्र ठेवायचे, श्योत्झचं, त्यामुळे गोल्डमानवर त्यांचा जीव आहे, पोरांना हात लावायच्या आधी पुसायला लावतात.

अप्पांचं आलं उजवा २४, डावा २८. साधारण १० ते २१ ठीक समजतात. आधीच्या ठिकाणी २२ सांगितलं होतं, थोडंसं जास्त म्हणे. मग बुबुळाची जाडी मोजली तर पातळ निघाली, ४९० मायक्रॉन, सर्वसाधारण माणसाची ५४०च्या आसपास असते. पातळ असली की आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे २८ सुद्धा खरं २८ नाही, वरच.

मग गोनिओस्कोपी. हे लक्षात ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी करतच नाहीत. डोळ्यावर आरसा बसवलेली भिंग ठेवून आतला कोपरा बघतात, जिथून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं ती मोरी उघडी आहे की बुजलीये ते. आपल्या आशियातल्या लोकांत बुजलेल्या कोपऱ्याचा काचबिंदू गोऱ्यांपेक्षा जास्त, आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी, त्यामुळे कोपरा न बघता काचबिंदूचं नाव घेतलं की मॅडम पोरांना खोलीबाहेर काढतात म्हणे. नव्या बॅचला आधी एकमेकांच्या डोळ्यावर भिंग लावायला लावतात, मग पेशंटला हात. एक पोरगी मला हळूच म्हणाली, माझा डोळा दोन दिवस लाल होता.

अप्पांचा कोपरा उघडा निघाला. नस मात्र डावीकडची जवळजवळ सुकलेली. डोळ्यातून मेंदूकडे साधारण दहा-बारा लाख धागे जातात, त्यातले बरेच गेलेले. मॅडमनी कागदावर वाटी काढून दाखवली, नसेच्या तोंडाशी खड्डा असतो तो मोठा होत जातो, नसेच्या तोंडाच्या मानाने डाव्या डोळ्यात ०.९ झालेला, उजव्यात ०.७. आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, बाजूचं आधी जातं, तेही काळं दिसत नाही, मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो. म्हणून अप्पा बोर्ड वाचायचे आणि नातू दिसायचा नाही.

अप्पांनी विचारलं, मग आता गेलेलं परत कधी येणार. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आजोबा, गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते तुमच्या मरणापर्यंत पुरवायचं, एवढंच काम आपलं. मला वाटलं आता रडतील. अप्पा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे ब्रेक आहे, रिव्हर्स गिअर नाही." मॅडम खो-खो हसल्या. आता प्रत्येक बॅचला हे वाक्य ऐकवतात, अप्पांच्या देखत, आणि अप्पा असे काही बसतात की जणू यांनीच शोध लावलाय.

आता फील्डबद्दल, म्हणजे बाजूचं किती दिसतं ते मोजायच्या टेस्टबद्दल, कारण तिला लोक जाम घाबरतात. पांढऱ्या घमेल्यासारख्या अर्धगोलात तोंड घालायचं, एक डोळा झाकलेला, समोरच्या दिव्यावर नजर खिळवायची आणि इकडे-तिकडे कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. अप्पा पहिल्यांदा बाहेर आले ते घामाघूम, म्हणाले नापास झालो, अर्धे दिसलेच नाहीत. तर ते मशीन मुद्दामच असं चालतं, तुमच्या नजरेची शेवटची हद्द शोधत ठिपका इतका मंद करत नेतं की चांगल्या डोळ्याच्या माणसालाही साधारण अर्धेच दिसतात. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर. इथले टेक्निशियन दादा सांगतात, दर पेशंटला, न कंटाळता, आणि मध्येच मान दुखली तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं हेही सांगतात. पूर्वी या टेस्टला खूपच वेळ लागायचा म्हणे, स्वीडनमधल्या माल्मोच्या हेइल आणि बेंग्टसन यांनी १९९७ च्या सुमारास नवी पद्धत काढली तेव्हा वेळ बराच कमी झाला. पहिली टेस्ट मॅडम जवळजवळ धरतच नाहीत, शिकण्यात जाते म्हणतात. दोन-तीन झाल्या की मग खरी तुलना.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. ट्रॅबेक्युलेक्टमी, केर्न्स नावाच्या केंब्रिजच्या डॉक्टरने १९६८ मध्ये पहिल्यांदा लिहिलेलं, अजून चालतंय. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकणासारखं छोटं दार करतात, पाणी तिथून झिरपून वरच्या पापणीखाली जमतं आणि तिथे बारीक फुगा येतो. मोतीबिंदूसारखं दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि लख्ख दिसलं असलं काही होत नाही. उलट पहिले काही आठवडे अंधुक, टाके सैल करायला चकरा, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, प्रेशर कधी ६ कधी १८. शेजारचे काका भेटायला येऊन म्हणाले, मग काय अप्पा, दिसायला लागलं का आता चांगलं, आणि अप्पांचं तोंड उतरलं. हे घरच्यांनी आधीच समजून घ्या. डावा डोळा आता १२-१३ वर आहे, त्या फुग्याला आयुष्यभर जपायचं, चोळायचं नाही, लाल झाला किंवा दुखला तर रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी यायचं.

उजव्या डोळ्याला आधी लेझर. मी म्हटलं थेंबच द्या ना, लेझरची भीती वाटते. तर मॅडमनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचं सांगितलं, लाइट ट्रायल, २०१९ मध्ये छापून आला, ७१८ पेशंट, अर्ध्यांना आधी थेंब अर्ध्यांना आधी लेझर, आणि लेझरवाल्यांत तीन वर्षांनी ७४ टक्के एकही थेंब न टाकता ठरवलेल्या प्रेशरमध्ये होते. लेझर ओपीडीतच, मशीनसमोर बसून, पाच मिनिटांत, इंजेक्शन नाही काही नाही. हे सगळ्यांना चालत नाही आणि काही वर्षांत असर उतरू शकतो हेही लगेच सांगितलं. अप्पांचा अडीच वर्षं टिकला. मग रात्री एक थेंब सुरू केला, प्रोस्टाग्लॅंडिनवाला, दम्याला चालणारा. पापण्यांचे केस असे लांब झालेत की माझी मुलगी म्हणते आजोबा मस्कारा लावतात.

आणि थेंब टाकायची परीक्षा! हा या ओपीडीतला माझा सगळ्यात आवडता भाग. मॅडम थेंब लिहून मोकळ्या होत नाहीत, साध्या पाण्याची बाटली देऊन म्हणतात टाकून दाखवा. अप्पांनी ऐटीत मान मागे टाकली, बाटली धरली, पहिला थेंब गालावर, दुसरा कपाळावर, तिसरा पापणीवर आणि बाटलीचं टोक सरळ डोळ्याला लागलं. एक विद्यार्थी फिसकन हसला. मॅडम त्याला म्हणाल्या, आता तू टाक. त्याचाही गालावर. मग शिकवलं, खालची पापणी ओढून खिसा करायचा, वर बघायचं, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. आमच्याकडे पूर्वी महिन्याची बाटली विसाव्या दिवशी संपायची, आता महिनाभर पुरते. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध याच विषयावर होता, पेशंट घरी थेंब टाकतो म्हणजे नक्की काय करतो.

संशोधन म्हटलं की आपल्याला वाटतं प्रयोगशाळा, उंदीर, परदेश. मॅडमचं संशोधन म्हणजे त्यांच्या खोलीतलं एक गोदरेजचं कपाट, कॉलेजपासूनची रजिस्टरं, कोण कधी आलं, प्रेशर किती, आणि लाल पेनाने कोण यायचं बंद झालं. ते लाल पेनवालेच त्यांना छळतात. काचबिंदूत दुखत नाही ना, त्यामुळे वर्षभर थेंब टाकून माणूस म्हणतो काही फरक पडत नाही, बंद करतो. आपल्या देशात एक कोटीच्या वर काचबिंदूवाले आहेत आणि दहातल्या नऊ जणांना पत्ताच नाही, पण मॅडम म्हणतात मला त्या दहाव्याचा जास्त राग येतो, माहीत असून येत नाही तो. त्यांच्या सोशल वर्करताई लाल नावांना फोन करतात. आम्हालाही आला होता, लग्नाच्या गडबडीत तारीख चुकली तेव्हा. शिव्याच खाल्ल्या.

कॉलेजात असताना मॅडम मदुराईला अरविंदला जाऊन शिकून आल्यात. निवृत्तीनंतर डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं ते हॉस्पिटल, संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या माणसाने. आमच्या बाकावर बार्शीच्या एक मावशी असतात, त्यांचं अप्पांसारखंच ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, ते फसलं, मग इथे डोळ्यात पाणी बाहेर काढणारी नळी बसवली. ती नळी अरविंदच्याच ऑरोलॅबने २०१३ मध्ये बाजारात आणलेली, परदेशी नळीच्या मानाने कितीतरी स्वस्त. मावशी सगळ्यांना पापणी वर करून दाखवतात, बघायचंय का म्हणून. नाही म्हणायची सोय नाही.

आता तक्रारी. रांग भयंकर. चार तास धरूनच जा, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की आणखी एक तास, आणि ते टाकल्यावर मोबाइलसुद्धा वाचता येत नाही. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस कुणाशीही सरळ बोलत नाही. फोन लागला तर लॉटरीचं तिकीट काढा. लिफ्ट कधी चालू कधी बंद, डोळ्यावर पट्टी असलेली म्हातारी माणसं जिना चढतायत आणि पायऱ्यांच्या कडांना रंगाची पट्टी नाही, काचबिंदूच्या हॉस्पिटलात! हे मी सूचनापेटीत तीनदा टाकलं. पेटी उघडतात का देव जाणे. आणि मॅडम स्वतः तापट आहेत. गूगलवर वाचून आलात तर ऐकून घेतील, पण थेंब चुकवून खोटं बोललात तर सगळ्या ओपीडीसमोर काढतील. कॅंटीनचा चहा मात्र चांगला.

शेवटी माझं. सख्ख्या नात्यात धोका जास्त म्हणून पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, मुलं किती तुम्हाला. माझं वय तेव्हा ४४. तपासलं तर प्रेशर २५ आणि २४. मी खुर्चीतच गार. पण माझी नस ठणठणीत, फील्ड ठीक, आणि बुबुळ जाड, ५८०, म्हणजे आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसतोय. मी म्हटलं लगेच थेंब द्या. मॅडमनी पुन्हा गणित मांडलं. अमेरिकेत नुसतं प्रेशर जास्त असलेल्या १६३६ लोकांवर अभ्यास झाला, २००२ मध्ये आला, थेंब न टाकणाऱ्यांत पाच वर्षांत शंभरातल्या साडेनऊ जणांना काचबिंदू झाला, टाकणाऱ्यांत साडेचारांना. "म्हणजे थेंबाने निम्मा धोका कमी होतो हे खरं, आणि न टाकता नव्वद जणांना पाच वर्षांत काही झालं नाही हेही खरं. त्यात तुझं बुबुळ जाड. तू ठरव." कुठल्या डॉक्टरने मला आजवर 'तू ठरव' म्हटलं नव्हतं. मी थेंब नाही घेत, दर सहा महिन्यांनी दाखवते. चार वर्षं झाली, नस तिथेच आहे. अप्पांचंही मागच्या महिन्यातलं फील्ड त्यांनी जुन्या सगळ्या फील्डशेजारी टेबलावर पत्त्यांसारखं मांडलं आणि म्हणाल्या, तेच. अप्पांनी लगेच विचारलं, मग अ‍ॅक्टिव्हा चालवू का. नाही म्हणाल्या. घरी येईपर्यंत रिक्षात गप्प होते.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा त्या जिन्यासाठी कापला. जाणार असाल तर जुने सगळे कागद न्या, चालू थेंबांच्या बाटल्या न्या, इतर औषधांची यादी न्या, गॉगल न्या, आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका. भावंडांनाही न्या. माझा धाकटा भाऊ चार वर्षं टाळतोय, म्हणतो मला सगळं स्वच्छ दिसतं, शेवटची ओळ सुद्धा. येत्या मंगळवारी त्याच्या नावाचा केसपेपर काढणार आहे मी, त्याला फक्त एवढंच सांगितलंय की अप्पांना घेऊन जायला माणूस पाहिजे.